होडी वाळवा, मगच दुसऱ्या पाण्यात घाला



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, खतांचे हप्ते असल्या विषयांवर लिहितो. या खेपेला होडीवर लिहितो आहोत म्हटल्यावर काही मंडळी म्हणतील, शेतकी खात्याला आता मासेमारीचा नाद लागला की काय! पण ज्यांची जमीन जायकवाडीच्या फुगवट्यावर आहे, किंवा ज्यांची मोटार नदीच्या डोहात तराफ्यावर तरंगते आहे, त्यांनी हसण्याआधी पुढचे चार शब्द वाचावेत. ऊस पाण्यावर येतो, आणि ते पाणी फूटव्हॉल्व्हपर्यंत मोकळे पोचले तरच येतो. फूटव्हॉल्व्हच्या जाळीभोवती जलपर्णीच्या मुळ्यांचा झुबका बसला की मोटार ओढते, तापते आणि ऐन एप्रिल-मेमध्ये जळते. त्या दिवसांत वायंडिंगवाल्याकडे लवकर नंबर लागत नाही. तेवढ्या आठवड्यात कोवळ्या लागणीचे काय होते, ते आम्ही सांगायला नको.

आजचा धडा लहान आहे. एका पाण्यातून काढलेली होडी, तराफा, जाळे, पाइप किंवा पंप दुसऱ्या पाण्यात घालण्यापूर्वी तो धुवायचा, निथळू द्यायचा आणि कडकडीत वाळवायचा. न्यूझीलंड, अमेरिका, इंग्लंड या देशांत याचे नियम झाले आहेत, काही ठिकाणी कायदेही आहेत. आपल्याकडे असा रिवाज नाही. तो का पाडला पाहिजे, आणि वाळवण्याने काय साधते व काय साधत नाही, हे नीट समजून घेऊ.

आधी उसातलेच उदाहरण घ्या. २००२ साली सांगली भागात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला. पुढच्या एक-दोन हंगामांत त्याने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक व्यापला. जुन्या सभासदांना पानांखालची ती पांढरी लोकर आणि पानांवर साचलेली काळी बुरशी आठवत असेल. मावा वाऱ्यावर गेला हे खरे. पण चाऱ्यासाठी नेलेल्या वाढ्यांच्या मोळ्यांबरोबर आणि बेण्याच्या पाल्याबरोबरही तो गेला. म्हणूनच त्या वेळी सगळ्या शेतकी खात्यांनी एकच घोष लावला होता : बाधित फडातले बेणे नको, वाढे नको. पुढे डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी त्याला आवरले, ते वेगळे. आमचे म्हणणे इतकेच की बेणेप्रक्रिया आपण मनापासून पाळतो, कारण रोग बेण्यातून येतो हे आपल्याला पटले आहे. पाण्याच्या तणालाही बेणे असते. ते होडीच्या कडेला, जाळ्याच्या गाठीत, थर्माकोलच्या फटीत बसून येते. तेवढे मात्र अजून आपल्याला पटलेले नाही.

जलपर्णीची जात

जलपर्णी, म्हणजे नाशिककडची मंडळी जिला पाणवेली म्हणतात ती, मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या तुऱ्याच्या फुलासाठी लोकांनी ती जगभर नेली. बंगालमध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिथल्या नद्या, खाचरे, नावांचे मार्ग सगळे तिने बुजवले. १९३६ साली बंगाल सरकारला खास जलपर्णीचा कायदा करावा लागला. १९३७ च्या निवडणुकीत तिथल्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवण्याचे वचन होते. निवडणूक होऊन गेली, जलपर्णी अजून आहे. आपल्याकडे गाजरगवताचे झाले तसेच म्हणा. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात दिसलेले ते गवत आज कोणाच्या बांधावर नाही?

ही वनस्पती वाढते ती दोन मार्गांनी, आणि हा भेद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पहिला मार्ग पिलांचा. मातृरोपाला धावते खोड फुटते, त्याच्या टोकाला पिलू येते, पिलाला पुन्हा पिलू. पानाच्या देठात हवेच्या पोकळ्या असल्याने सगळा संसार पाण्यावर तरंगतो. एखाद्या रोपाचा मुळासकट तुकडा तुटला तरी तो स्वतंत्र जगतो. दुसरा मार्ग बियांचा. फूल सुकले की दांडा पाण्यात वाकतो आणि बारीक बी तळाच्या गाळात पडते. ते बी पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. पाणी मागे सरून ओला गाळ उघडा पडला, ऊन लागले, की ते उगवते, आणि पाणी परत चढले की रोप तरंगायला मोकळे.

पोषण भरपूर आणि हवा उबदार असेल तर जलपर्णीने व्यापलेली जागा ६ ते १८ दिवसांत दुप्पट होते. आपण मधला १२ दिवसांचा आकडा धरू आणि हिशेब मांडू. ३० मीटर बाय ३० मीटरचे शेततळे, म्हणजे ९०० चौरस मीटर पाणी. तराफ्याच्या कोपऱ्याला अडकून पाव चौरस मीटरचा एक झुबका आला. बारा दिवसांनी अर्धा मीटर, चोविसाव्या दिवशी एक, छत्तिसाव्या दिवशी दोन. साठाव्या दिवशी आठ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या खोलीएवढा कोपरा. मालक बघतो आणि म्हणतो, हिरवळ बरी दिसतेय. एकशेविसाव्या दिवशी २५६ चौरस मीटर, म्हणजे पाव भागाहून थोडे अधिक. अजूनही पाऊण तळे मोकळे दिसते, मालक म्हणतो दिवाळी झाली की काढू. एकशे चव्वेचाळिसाव्या दिवशी सगळे तळे झाकलेले! पहिले चार महिने आळस करायला जागा होती, शेवटचे चोवीस दिवस हातात काहीच नव्हते. कागदाच्या अस्तराच्या तळ्यात खताचे पाणी नसेल तर वाढ हळू होते, हे सांगितले पाहिजे. पण उसाच्या रानातून पाझरून येणारे पाणी ज्या ओढ्याला, चारीला किंवा बंधाऱ्याला मिळते तिथे तिला काही कमी पडत नाही.

वजनाचे बोलायचे तर हेक्टरी दीड-दोनशे टन ओला पाला सहज भरतो. आपला चांगला ऊस हेक्टरी शंभर-सव्वाशे टन, आणि त्यासाठी आपण नांगरटीपासून तोडीपर्यंत रक्त आटवतो. ही बया फुकट दुप्पट वजन देते! मात्र त्यात शेकडा नव्वद-पंचाण्णव भाग पाणीच. म्हणजे दोनशे टन ओढून काढले तर हाती कोरडा पाला दहा-बारा टन लागतो. जलपर्णीपासून खत, कागद, विटा करण्याच्या गोष्टी वरचेवर कानी येतात. त्या खोट्या नाहीत, पण एवढे पाणी ट्रॅक्टरने वाहून न्यायचे डिझेल त्या हिशेबात कोणी धरत नाही.

बाकीचे नुकसान थोडक्यात : झाकलेल्या पाण्यात प्राणवायू उतरतो आणि मासे मरतात. पानांतून पाण्याची वाफ मोकळ्या पाण्यापेक्षा जास्त होते, तेव्हा साठा लवकर खाली जातो. मुळ्यांच्या आडोशाने डास वाढतात, मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर मुळीलाच नळी टोचून श्वास घेतात. चारी आणि सायफनमध्ये झुबके अडकले की शेपटाच्या शेतकऱ्याची बारी कोरडी जाते आणि मग पाटकऱ्याशी भांडण.

पूर नेतो, मग होडीला दोष का?

आम्ही हा विषय गट ऑफिसांतल्या बैठकांत काढला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. नाशिककडून गोदावरीला पूर आला की पाणवेली आपोआप कोपरगाव, पुणतांबा करत खाली येतात. पुण्याच्या नद्यांचे पाणी भीमेतून उजनीत उतरते, त्याबरोबर तिकडची जलपर्णीही येते. तिथे होडी वाळवून काय उपयोग?

तिथे काहीच उपयोग नाही, हे आम्ही मान्य करतो. पण पूर खालीच वाहतो. तो डोंगर चढत नाही आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उडी मारत नाही. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेकडचे पाणी प्रवरा, मुळा यांच्या वाटेने प्रवरासंगमला गोदावरीत आणि पुढे जायकवाडीत जाते. दक्षिणेकडचे पाणी, म्हणजे घोड, सीना यांचे, भीमेकडे जाते. जायकवाडीच्या फुगवट्यातली रोपे स्वतःहून बारागाव नांदूरच्या मुळा धरणात चढणार नाहीत. भीमेच्या काठची रोपे सीनेवरच्या निमगाव गांगर्ड्याच्या धरणात स्वतःहून जाणार नाहीत. भंडारदऱ्याचे तर विचारूच नका, ते सगळ्यांच्या वर आहे. गावतळी, पाझर तलाव आणि शेततळी यांना तर नदीचा पूर शिवतच नाही. पाणकोंबड्यांच्या आणि बगळ्यांच्या पायांना लागून थोडे बी जात असेल, ते आपल्या हातात नाही. राहिलेली वाट एकच, ती माणसाच्या गाडीची. टेम्पोत टाकलेली होडी, ट्रॉलीत टाकलेला तराफा, गोणीत कोंबलेले ओले जाळे.

आणि ही वाहतूक वाढली आहे. जायकवाडीचे उद्घाटन १९७६ साली झाले, पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, पण खोली कमी. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने मागे सरते तसे शेतकऱ्याला मोटार घेऊन पाण्यामागे पळावे लागते. पूर्वी चर खणत, आता थर्माकोलच्या ठोकळ्यांवर किंवा पिंपांवर मोटार बसवतात. हे तराफे भाड्याने फिरतात, जुन्या बाजारात विकले जातात, पाहुण्यारावळ्यांत मागून आणले जातात. मच्छीमार बांधव ठेका बदलला की होडी आणि जाळी घेऊन दुसऱ्या तलावावर जातात. तलावातला गाळ किंवा नदीतली वाळू काढणारी यंत्रे आणि बोटी आज या नदीवर तर उद्या त्या. यातला एखादा तराफा सोडला तर कोणाकडे विचारणा होत नाही की बाबा, हा शेवटचा कुठल्या पाण्यात होता?

बाहेर देशी काय करतात

अमेरिकेच्या उत्तरेस समुद्रासारखी मोठी गोडी सरोवरे आहेत. १९८८ साली तिथे झेब्रा शिंपला सापडला. युरोपकडून आलेल्या जहाजांच्या तळात तोल राखायला भरलेल्या पाण्यातून तो आला. नखाएवढा प्राणी, पण धाग्यांनी चिकटतो आणि एकावर एक थर चढतो. १९८९ च्या डिसेंबरात मिशिगन राज्यातील मन्रो गावचा पाणीपुरवठा त्यामुळे बंद पडला. उपसा सिंचनवाल्यांनी कल्पना करावी, आठ इंची पाइप आतून शिंपल्यांनी बुजत चालला आहे आणि वरून दिसत काहीच नाही! सरोवरातून आतल्या हजारो तळ्यांत हा शिंपला पोचला तो मुख्यतः हौशी लोकांच्या होड्यांबरोबर. त्याची पिले डोळ्यांना दिसत नाहीत, होडीच्या तळाशी साचलेल्या दोन तांबे पाण्यात ती हजारोंनी असू शकतात. म्हणून मिनेसोटा राज्यात कायदा आहे की होडी रस्त्याने नेताना तळाचे बूच काढलेले असलेच पाहिजे. धक्क्याच्या फळ्या किंवा होडी उचलायचे सांगाडे एका तळ्यातून दुसऱ्यात न्यायचे तर ते २१ दिवस कोरडे ठेवावे लागतात.

न्यूझीलंडात २००४ साली नदीच्या दगडांवर एक परके शेवाळ सापडले. ते एका थेंबातूनही पसरते. तिथे त्यांनी लोकांना तीन शब्द पाठ करून दिले : बघा, धुवा, वाळवा. वाळवायचे म्हणजे वस्तू हाताला कोरडी लागल्यानंतर आणखी ४८ तास. हे 'हाताला कोरडी लागल्यानंतर' महत्त्वाचे आहे. आपण वाळत घातल्यापासून तास मोजतो, ते चुकते.

हा झेब्रा शिंपला आपल्याकडे नाही. त्याच्यासारखाच उपद्व्यापी एक काळा शिंपला मात्र १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि मुंबईच्या गोद्यांतही पोचला. तो खाऱ्या व मचूळ पाण्यातला, मुळा-प्रवरेला त्याची भीती नाही. पण हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियात डार्विनच्या तीन बंदरगोद्यांत सापडला तेव्हा तिथल्या सरकारने गोद्या बंद केल्या, पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतले आणि महिन्याभरात त्याचा निर्वंश केला. लवकर सापडला म्हणून जमले. सगळीकडे पसरल्यावर असे जमल्याचे ऐकिवात नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्या तळ्यांत हायड्रिला नावाची शेवाळासारखी वेल असते, जनावरे पाण्यात उतरली की पायाला गुंडाळते. ती आशियातलीच, आपण तिला फार मोजत नाही. तिला १९५० नंतर मत्स्यालयवाल्यांनी फ्लोरिडात नेले आणि आज तिथे ती शत्रू नंबर एक आहे. इंजिनाच्या पंख्यात गुंडाळून ती तळ्यातळ्यांत फिरली. तेव्हा परके तण म्हणजे काही विलायती भूत नव्हे, घर सोडून गेलेले कोणाचे तरी साधे गवतच असते.

वाळवायचे कसे

होडी पाण्याबाहेर काढली की जिथून काढली तिथेच काम करायचे. नव्या तळ्याच्या काठावर नेऊन धुतली तर धुतलेले सगळे त्याच तळ्यात उतरते, मग धुण्याचा उपयोग काय? आधी हाताने मुळ्या, पाने, शेवाळ, गोगलगायी वेचा. दोराच्या गाठी, नांगराचा दगड, वल्ह्याची खोबण, पत्र्याच्या होडीचा जोड, अशा ठिकाणी काडीने उकरा. मग तळातले पाणी संपूर्ण काढा. बूच असेल तर बूच, नसेल तर होडी कुशीवर घ्या. मग खराट्याने घासून धुवा, आणि धुण्याचे पाणी जमिनीत मुरेल असे बघा. त्यानंतर होडी दगडांवर किंवा ओंडक्यांवर उपडी, खालून वारा खेळेल अशी ठेवा. जमिनीला टेकवून उपडी ठेवलेली होडी आतून चार दिवस ओली राहते.

आपल्या भागाला देवाने एक देणगी दिली आहे, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत हाताला कोरडी लागल्यावर पुढचे दोन दिवस पुरे. हिवाळ्यात आम्ही पाच दिवस धरतो. पावसाळ्यात वाळवण्याच्या भानगडीत पडू नये, त्या दिवसांत होडी एका पाण्यातून दुसऱ्यात नेऊच नये. नेणे भागच असेल तर उकळते पाणी कोपऱ्याकोपऱ्यांत ओता. परदेशात शिंपल्यांसाठी साठ अंशांचे पाणी वापरतात, आपल्याकडे घरचा बंब त्याहून गरम देतो.

जाळ्याचे काम जास्त चिवट. नायलॉनचे जाळे वरून दोन तासांत सुकते, पण गोळा करून ठेवलेल्या जाळ्याच्या पोटात आठवडाभर ओल राहते. ते पसरून, दोरीवर टांगून, उलटून-पालटून वाळवावे आणि वाळल्यावर झटकावे. जाळे वाळवण्याचा आणखी एक फायदा मच्छीमार बांधवांना पटेल. माशांच्या अंगावर जखमा पाडणारा बुरशीचा रोग १९८८ साली ईशान्य भारतात शिरला आणि तिथून देशभर फिरला. ओली जाळी आणि भांडी असल्या रोगाचीही वाहने असतात.

थर्माकोलच्या तराफ्याचे आमच्या अनुभवाने सगळ्यात वाईट. ठोकळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून सुतळीने आवळलेले असतात, कागद फाटतो, आत मुळ्या शिरतात, आणि आत ऊन लागत नाही. तराफा दुसरीकडे न्यायचा असेल तर कागद सोडा, ठोकळे सुटे करून उन्हात मांडा आणि नवा कागद घाला. कागदाला पैसे लागतात. मोटार भरण्याला किती लागतात ते गेल्या उन्हाळ्यात ज्यांनी भरली त्यांना विचारा. फूटव्हॉल्व्ह खोलून त्यातले पाणी आणि कचरा काढा, पाइप उतारावर ठेवून दोन्ही तोंडे उघडी टाका.

आता वाळवण्याची मर्यादा. वर दोन मार्ग सांगितले ते आठवा. पिलू, तुकडा, शेवाळ, अळी हे वाळवण्याने मरतात. बी वाळवण्याने मरत नाही. ज्वारीचे बी आपण वाळवूनच ठेवतो ना? म्हणून आधी घासून धुणे, मग वाळवणे. चिखल बघावा, कारण बी चिखलात असते. तोंडावर झाकण ओढून बसणाऱ्या गोगलगायीही बरेच दिवस काढतात, त्या वेचाव्याच लागतात. नुसती उन्हात टाकलेली चिखलाची होडी म्हणजे अर्धे काम.

चिखलावरून गाळाचा प्रश्न निघतो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत पुष्कळ सभासदांनी गाळ आणून रानात टाकला आणि फायदाही घेतला. जलपर्णी असलेल्या तलावाचा गाळ रानात टाकायला हरकत नाही, कोरड्या जमिनीत ते बी उगवून काही करू शकत नाही. तोच गाळ शेततळ्याच्या भरावाला किंवा विहिरीच्या काठाला मात्र लावू नका. आणि पोकलेनचे बकेट व साखळी नव्या तलावात उतरण्याआधी धुऊन घ्यायला लावा. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

होडीबरोबर येणारे इतर पाहुणे

शेततळ्यात मासे सोडणारे सभासद वाढले आहेत. मत्स्यबीज प्राणवायू भरलेल्या पिशवीत येते, त्यात पाणीही येते आणि त्या पाण्यात काय आहे ते कोणी बघत नाही. पिशवी थोडा वेळ तळ्यावर तरंगत ठेवून उष्णतामान सारखे करा. मग तोंड उघडून तळ्याचे थोडे पाणी आत घ्या, आणि बोटुकली मऊ झोळणीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी बांधावर, झाडाच्या बुडाला ओता, तळ्यात नको. झोळणीत रोहू, कटला, मृगळ यांखेरीज वेगळे तोंड दिसले तर बाजूला काढा. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तो दुसरे मासे खातो आणि ओलीतून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

चिलापीचे उदाहरण जरा अवघड आहे. १९५२ साली ती देशात आणली गेली, तेव्हा गरिबांचा मासा म्हणून तिचे कौतुक झाले. आज उजनीत जाळे टाका, मुख्य माल चिलापीचाच. मूळचे मासे मागे पडले, हे खरे. पण चिलापीला नावे ठेवून काठावरच्या भोई बांधवांची चूल पेटत नाही, त्यांचे पोट आता तिच्यावरच आहे. जे पाणी अजून मोकळे आहे तिथे ती नेऊ नये, एवढेच म्हणता येते.

आपल्याकडचा वाटा

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारखान्याच्या पत्रिकेत आहे म्हणून गिळून टाकता येणार नाही. जलपर्णी बेण्याने येते, पण माजते ती खतावर. शहरांचे मैलापाणी हे मोठे कारण. पण उसाला लागेल त्याहून जास्त युरिया टाकून वर पाट भरून पाणी देणारे आपण, आणि सांडपाणी ओढ्याला जाऊ देणारा कोणताही कारखाना, हेही त्या ताटात वाढतातच. ठिबकमधून हप्त्याहप्त्याने खत देणाऱ्या सभासदांच्या रानातून ओढ्याला फार कमी जाते. माती परीक्षण करून खत द्या असे आम्ही सांगतो, त्याला हेही एक कारण समजा.

तणनाशकाचा मोह अनेकांना होतो. उसातल्या रुंद पानांच्या तणाला आपण टू-फोर-डी वापरतोच, मग जलपर्णीवर का नको, असे विचारतात. नदीत किंवा बंधाऱ्यात ते मारू नये. एक तर खाली कोणाचे तरी पिण्याचे पाणी आहे. दुसरे, मेलेला पाला तळाशी जाऊन कुजतो आणि उरलेला प्राणवायू खातो. तिसरे, वाऱ्याने फवारा उडाला तर नेवासा-शेवगावकडच्या कपाशीची पाने बोटासारखी वळतात. कपाशीला टू-फोर-डीचा वाससुद्धा सोसत नाही, आणि त्या भांडणात गावकी जाते.

भुंग्यांचे काम आशेचे आहे, पण धीराचे. १९८२-८३ साली जलपर्णी खाणारे निओकेटिना जातीचे सोंडे बंगळूरला आणून, दुसऱ्या पिकाला ते लागत नाहीत अशी खात्री करून, पुढे देशात सोडले गेले. सोंडा पाने ओरबाडतो, अळी देठ पोखरते. साठलेल्या तलावात दोन-चार वर्षांत ते जलपर्णीला वाकवतात. वाहत्या नदीत पूर आला की जलपर्णीबरोबर सोंडेही वाहून जातात. सोंडे सोडायचे आणि वरून तणनाशक मारायचे, असे दोन्ही एकदम करू नये.

तेव्हा हाताने काढणे हेच आपल्या आवाक्यातले, आणि तेही झुबका लहान असताना. आपल्या गावच्या बंधाऱ्यात, पाझर तलावात किंवा शेततळ्यात पहिली दोन-चार रोपे दिसली तर चिटबॉयला सांगा किंवा गट ऑफिसात निरोप द्या. फुलाचा तुरा येण्याआधी काढलेले बरे, कारण तुरा येऊन गेला की गाळात बी पडलेच समजा आणि मग पुढची कैक वर्षे पाणी उतरेल तेव्हा काठ तपासावा लागतो. काढताना रोप मुळासकट घ्या, तुकडे पाण्यात राहू देऊ नका, खालच्या अंगाला जुने जाळे आडवे लावून घ्या. काढलेली रोपे काठावर टाकू नका. पाणी चढले की ती पुन्हा तरंगतात, आणि असे ढीग आम्ही नदीकाठी हिरवेगार झालेले पाहिले आहेत. पाण्यापासून दूर, उंचावर, मुळे वर करून पसरा. वाळल्यावर, तुरा आलेला नसेल तर, प्रेसमडबरोबर खड्ड्यात घालता येतात. शहराच्या सांडपाण्याच्या नदीतली असतील तर ती जनावरांना चारू नका, कारण ही वनस्पती पाण्यातले जड धातू मुळांत आणि पानांत साठवते. आणि खड्डा चारीच्या कडेला खणू नका, पहिल्याच जोराच्या पावसात तो चारीत उतरतो.